ऑटोकमिट चालू ठेवून गेलेल्या माणसास

तुमचं नाव फाईलच्या माथ्यावर आहे, तुम्हीच लिहून ठेवलंय. त्याखाली तारीख आणि त्याखाली कॉमेंट: 'दूध संकलन, बल्क इन्सर्ट, फास्ट'. नाव मी इथे घेत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. पण कॉमेंटमधलं 'बल्क'ही खोटं आहे आणि 'फास्ट'ही. त्या खोट्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या वतीने हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

आमचा दूध संघ तुम्हाला आठवत असेल. ४१२ गावच्या संस्था, ४५,००० च्या आसपास उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. प्रत्येक मापाची एक ओळ: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. दर दहा दिवसांनी सगळ्या संस्थांच्या फायली गोळा होतात आणि ९ लाख ओळी एका टेबलात चढवून बिलं काढावी लागतात. तुमची स्क्रिप्ट रात्री ११ ला सुरू व्हायची आणि पहाटे ५ ला संपायची. सहा तास, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४२ ओळी. त्यावर तुम्ही संचालकांना दिलेला खुलासा इतिवृत्तात जसाच्या तसा आहे: 'डेटा फार वाढला आहे, नवीन सर्व्हर घ्यावा.'

९ लाख ओळी म्हणजे किती हो? ओळीला शंभर बाइट धरले तर ९० एमबी. लोक एकमेकांना बारशाचे व्हिडिओ याहून मोठे पाठवतात. तेवढा डेटा डिस्कवर उतरवायला एका साध्या संगणकाला काही सेकंद लागतात. तुम्हाला सहा तास लागत होते आणि सहा तास का लागतात हा प्रश्न तुम्ही दोन वर्षांत एकदाही विचारला नाही. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, अशी खरेदीची नोट मात्र तयार ठेवलीत.

मी फाईल उघडली तेव्हा चौदाव्या ओळीवर थांबले. तिथे कनेक्शनचं ऑटोकमिट 'ट्रू' करून ठेवलेलं होतं. खाली फाईल वाचून एक मोठी यादी बनवलेली आणि ती यादी सायकोपीजी-२ च्या एक्झिक्यूटमेनीकडे दिलेली. नावात 'मेनी' आहे म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. त्या लायब्ररीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की ही पद्धत लूपमध्ये एक-एक एक्झिक्यूट मारण्यापेक्षा वेगवान नाही. आत लूपच आहे. फक्त तो तुम्हाला दिसत नव्हता, आणि वरचं ऑटोकमिट प्रत्येक फेरीला कमिट मारत होतं. एका रात्रीत ९ लाख कमिट.

कमिट म्हणजे काय ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर आता ऐका. कमिट म्हणजे डेटाबेसने दिलेला शब्द. 'ही ओळ माझ्याकडे पोचली, आता लाईट गेली तरी ती जाणार नाही.' हा शब्द तोंडी देता येत नाही. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. तो आधी आपल्या लॉगमध्ये, ज्याला वॉल म्हणतात त्यात, नोंद करतो, मग एफसिंक मारून ती नोंद मेमरीतून खऱ्या डिस्कवर उतरवायला लावतो, आणि डिस्कने 'उतरली' म्हटल्यावरच तुमच्या प्रोग्रामला उत्तर देतो. तोवर तुमचा प्रोग्राम हात बांधून उभा. आमच्या सर्व्हरमधली डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची, फिरती. सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. लिहायची जागा सुईखाली परत यायला जवळजवळ एक आख्खी फेरी जाते, वर कधी आणखी एक. एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनी हे हिशोबासकट लिहून ठेवलंय: साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० हून जास्त इन्सर्ट सहज होतात, पण ट्रान्झॅक्शन, म्हणजे कमिटने पुरे होणारे व्यवहार, काही डझनच होतात, ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर साधारण ६०. तुमचे ४२ हे त्याच घरातले. तुम्ही डेटाबेसचा वेग मोजतच नव्हता, डिस्कची एक तबकडी किती वेगाने फिरते ते मोजत होता.

आपल्या संस्थेत दूध कसं येतं ते तुम्ही पाहिलं असेल. माप होतं, कॅनमध्ये ओततात, कॅन भरले की टेम्पोत चढतात, टेम्पो शीतकरण केंद्रावर जातो. एका लिटरसाठी टेम्पो सोडणारा सचिव गावाने दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. तुम्ही ९ लाख वेळा टेम्पो सोडलात आणि वर म्हणालात, रस्ता रुंद करा.

पण वेळ गेला याचा मला तेवढा राग नाही. सहा तास रात्रीचे होते, मशीन जागं होतं, माणसं झोपली होती. राग आहे तो पावसाळ्यातल्या एका रात्रीचा.

त्या रात्री २ वाजून २० मिनिटांनी लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, सर्व्हर बंद पडला. तोवर साधारण ५ लाख ओळी चढल्या होत्या. प्रत्येक ओळीला स्वतंत्र कमिट, म्हणजे डेटाबेसने ५ लाख वेळा शब्द दिला होता, आणि त्याने तो अक्षरशः पाळला. लाईट आली, सर्व्हर उठला, लॉग वाचून पोस्टग्रेसने सगळं जागेवर आणलं. ५ लाख ओळी सुखरूप होत्या. रात्रपाळीच्या मुलाला तुम्ही शिकवून ठेवलं होतं की मध्येच बंद पडलं तर स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. त्याने ती पहिल्यापासून चालवली. आधीच्या ५ लाख ओळी पुन्हा चढल्या.

टेबलाने त्या अडवायला हव्या होत्या. संस्था, उत्पादक, तारीख आणि पाळी या चारांवर युनिक बंधन होतं, टेबल पहिल्यांदा बनवलं तेव्हाच्या फाईलमध्ये ते दिसतं. तुमच्या पुढच्या फाईलमध्ये ते काढून टाकल्याची ओळ आहे आणि शेजारी कॉमेंट: 'स्पीडसाठी'. दारावरचा राखणदार तुम्ही काढलात, आणि वेग किती वाढला ते मोजलंही नाहीत. मी नंतर मोजलं. कमिटच्या त्या डोंगरापुढे बंधन तपासायचा वेळ नजरेतही भरत नव्हता.

सकाळी बिलं छापली, दुपारपर्यंत रकमा खात्यांवर गेल्या. फायली संस्थेच्या क्रमांकाने चढत असल्याने खालच्या क्रमांकांच्या गावांना दुप्पट पैसे गेले आणि वरच्या क्रमांकांच्या गावांना बरोबर. आमच्या कार्यालयात कोणाच्याही ते ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते एका आजींच्या. दोन दिवसांनी त्या संस्थेच्या सचिवाला बरोबर घेऊन एसटीने आल्या आणि बिलाची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर प्रत्येक पाळी दोनदा होती: १ तारीख सकाळ ४ लिटर, १ तारीख सकाळ ४ लिटर, १ तारीख संध्याकाळ ३, पुन्हा ३. त्यांनी बोट ठेवून ओळी दाखवल्या. "पोरी, दोन म्हशी माझ्या, त्यातली एक आटलेली. एवढं दूध आणलं कुठनं मी?" तोवर त्यांच्या मुलाने खात्यातले पैसे काढून औषधांच्या दुकानाची उधारी भागवली होती. संघाने पुढच्या तीन बिलांतून वसुली लावली. गौरी-गणपतीच्या तोंडावर हजारो घरांची बिलं तिसऱ्या हिश्श्याने घटली. ज्यांचा काडीचा दोष नाही त्यांनी खाली मान घालून वसुली सोसली आणि संघाच्या हिशोबावरचा त्यांचा विश्वास उडाला. तो परत मिळवायला मला गावोगाव जाऊन सचिवांसमोर बसावं लागलं.

ट्रान्झॅक्शन ही गोष्ट यासाठीच जन्माला आली. जिम ग्रे यांनी ७० आणि ८० च्या दशकांत या कल्पनेला भक्कम रूप दिलं, १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना डेटाबेस आणि ट्रान्झॅक्शनवरच्या कामासाठी मिळालं. मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेल्या सी. मोहन यांनी आयबीएममधल्या सहकाऱ्यांबरोबर १९९२ साली एरिज ही पद्धत मांडली. लॉग आधी लिहायचा, आणि मशीन पडून उठलं की त्यावरून पुरं झालेलं पुरं ठेवायचं आणि अर्धं राहिलेलं मागे घ्यायचं, हे तिने इतकं नेमकं करून दिलं की आजचे कितीतरी डेटाबेस त्याच विचारावर उभे आहेत. अर्धं राहिलेलं मागे घ्यायचं! एवढ्यासाठी या लोकांनी आयुष्यं घातली. आणि आमच्या दहा दिवसांच्या बिलात 'अर्धं' म्हणजे काय हे डेटाबेसला कळूच नये अशी व्यवस्था तुम्ही एका ओळीत केलीत. बिल एक होतं. तुम्ही त्याचे ९ लाख तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकडा पुरा झाल्याचं त्याला सांगितलंत.

तुमची बाजूही मी विचारात घेतली आहे. तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाने सांगितलं की ही स्क्रिप्ट तुम्हाला पाच दिवसांत मागितली होती. ऑटोकमिट बंद करून तुम्ही एकदा पाहिलंही होतं, पण एका संस्थेच्या फाईलमध्ये फॅट ६.५ च्या जागी ६५ पडलं होतं, तपासणीने ती ओळ नाकारली आणि सगळं परत फिरलं. मग तुम्ही वैतागून ऑटोकमिट चालू केलंत आणि चूक आली की उरलेली यादी पुन्हा पुढे पाठवायची सोय केलीत, म्हणजे चुकलेली ओळ गळेल आणि बाकीच्या चढतील. ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. अशा गळलेल्या ओळींचं काय केलंत ते विचारते. एक्सेप्ट आणि पास. ज्या माणसाचं माप चुकीचं टाईप झालं त्याचं दूध बिलातून गुपचूप गायब. त्याची नोंद ना संस्थेला, ना संघाला.

आणि स्क्रिप्टची चाचणी तुम्ही ५० ओळींवर केलीत. सेकंदाला ४२ च्या वेगानेही ५० ओळी सव्वा सेकंदात जातात. तेवढ्यावर 'फास्ट' लिहून मोकळे झालात.

कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये तुमची आणखी एक खूण सापडली: एफसिंक 'ऑफ'. पुढे हॅश लावून कोणीतरी ती बंद केलेली, त्या माणसाचे आभार. एफसिंक बंद केलं की वेग वाढतो, कारण डेटाबेस डिस्कच्या उत्तराची वाट न पाहताच शब्द देतो. मग लाईट जाते आणि डेटा असा बिघडतो की दुरुस्त होत नाही. त्याऐवजी सिंक्रोनस कमिट बंद केलं असतं तर शेवटच्या काही क्षणांचे कमिट गेले असते, पण टेबल शाबूत राहिलं असतं. हा फरक पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात साध्या शब्दांत दिलाय. आमच्या कामाला दोन्हींची गरज नव्हती. ९ लाखांऐवजी एकच कमिट असेल तर एका एफसिंकसाठी काही मिलिसेकंद थांबायला कोणाची ना आहे?

इंडेक्सचंही सांगते, कारण ते तुम्ही वाऱ्यावर सोडले होते. त्या टेबलावर सात इंडेक्स होते, प्रत्येक झाडासारखा रचलेला. एक ओळ चढली की सातही झाडांत जागा शोधून नोंद करावी लागते. त्यातले तीन इंडेक्स आजवर एकाही क्वेरीने वापरलेले नव्हते, पोस्टग्रेसच्या आकडेवारीत त्यांच्यापुढे शून्य होतं. आणि प्रायमरी की? चौथ्या प्रकारचा यूयूआयडी, पूर्ण यादृच्छिक. चढत्या क्रमांकाची की असती तर नवी नोंद नेहमी झाडाच्या उजव्या टोकाला बसली असती, तेवढीच पानं मेमरीत गरम राहिली असती. यादृच्छिक की दरवेळी झाडाच्या भलत्याच पानावर जाते. त्यात चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते ८ केबीचं आख्खं पान लॉगमध्ये उतरवतो. म्हणजे तुमच्या १६ बाइटच्या कीसाठी ८ केबी लिहिणं. वर्षाला सव्वातीन कोटी ओळींच्या टेबलावर. यूयूआयडीच हवा असेल तर काळाच्या क्रमाने वाढणारा सातवा प्रकार आता आहे, २०२४ साली त्याचं मानक निघालं. आमच्याकडे एकच सर्व्हर आणि एकच टेबल. साधा चढता क्रमांक पुरला असता, आता तोच आहे.

तुमच्यासारखे आणखी कुठे कुठे बसलेत ते मला रोज दिसतं. जँगोमध्ये लूप लावून प्रत्येक ऑब्जेक्टला सेव्ह म्हणणारे, शेजारी बल्क क्रिएट असताना. जावात अॅडबॅच लिहून समाधान मानणारे: मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये बॅचची पुनर्रचना करणारा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू केल्याशिवाय ओळी एक-एकच जातात. हायबरनेटमध्ये बॅच साइझ ५० लिहून, की मात्र आयडेंटिटीने बनवणारे. हायबरनेट अशा वेळी बॅच गुपचूप बंद करतं. या सगळ्यांची चूक तुमच्यासारखीच: नावावर विश्वास ठेवला, डेटाबेसकडे काय पोचतंय ते पाहिलं नाही. आणि सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर नुसत्या जाण्या-येण्यात रात्र जाते. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तरी ९ लाख फेऱ्यांना साडेसात मिनिटं, २० मिलिसेकंद धरले तर पाच तास. मायएसक्यूएलच्या दस्तऐवजात एका इन्सर्टचा खर्च वाटून दिलाय: जोडणीला ३ भाग, क्वेरी पाठवायला २, ती वाचायला २, आणि प्रत्यक्ष ओळ लिहायला तिच्या आकाराप्रमाणे १. फाईल थेट चढवणारी लोड डेटा आज्ञा इन्सर्टपेक्षा बहुधा २० पट वेगवान पडते, हेही तिथेच लिहिलंय.

आता मी काय केलं ते सांगते, कारण तुमच्या जागी उद्या कोणी बसेल त्याला ते उपयोगी पडेल. आधी एक कच्चं टेबल. त्याचे सगळे कॉलम साध्या मजकुराचे, त्यावर बंधन नाही की इंडेक्स नाही. पोस्टग्रेसची कॉपी ही आज्ञा ४१२ फायली त्यात थेट ओतते. प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी नाही, एक सलग धार. ६५ फॅट असो की तारखेच्या जागी नाव असो, कच्च्या टेबलात सगळं मावतं. मग एका क्वेरीने तपासणी होते. चुकलेल्या ओळी कारणासकट वेगळ्या टेबलात जातात आणि सकाळी त्या-त्या संस्थेच्या सचिवाच्या हातात छापील यादी पडते, की अमुक क्रमांकाच्या उत्पादकाचं अमुक पाळीचं फॅट तपासा. ज्या अडचणीपायी तुम्ही ऑटोकमिट चालू केलंत ती एवढ्यात सुटते, आणि कोणाचं दूध गायब होत नाही. बरोबर ओळी एका इन्सर्ट-सिलेक्टने मुख्य टेबलात. कॉपीपासून इथपर्यंत सगळं एका बिगिनमध्ये, शेवटी एकच कमिट. त्यानंतर अॅनालाइझ, म्हणजे बिलांच्या क्वेरीला टेबलाचा ताजा अंदाज मिळतो. युनिक बंधन परत लावलं. दुबार ओळ आली तर ती वगळून पुढे जाण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. मी ती मुद्दाम वापरली नाही. बिलं दुसऱ्यांदा चढू लागली तर मला ते मोठ्याने कळायला हवं.

सर्व्हर तोच आहे, डिस्कही तीच. सहा तासांचं काम तीन मिनिटांत होतं. नवीन सर्व्हरची तुमची नोट मी फाईलमधून काढायला लावली. त्या पैशांतल्या थोड्यात यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या आल्या.

पण वेगावर मी समाधान मानलं नाही. चालू करण्याआधी जुन्या सुट्या संगणकावर तीच फाईल लावली, ओळी चढू लागल्या, आणि अर्ध्यावर असताना मी भिंतीतला प्लग ओढला. रात्रपाळीचा तोच मुलगा शेजारी उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला. प्लग परत लावला, मशीन उठेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. उठल्यावर त्यालाच टेबल मोजायला लावलं. शून्य ओळी. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. मग त्याने स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली, तीन मिनिटं थांबला आणि आकडा फाईलशी ताडून पाहिला. जुळला. त्या रात्रीपासून त्याने मान वर केली नव्हती, संघातले लोक त्यालाच दोष देत होते. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तुम्ही सांगून गेलात तेच केलं होतं.

पशुखाद्याच्या कपातीची तुमची दुसरी स्क्रिप्ट अजून चालू आहे. तिच्याही चौदाव्या ओळीवर तेच आहे, मी पाहिलंय. पुढच्या बिलाच्या आत ती बदलते. आजींच्या वसुलीचा शेवटचा हप्ता त्याच बिलात कापला जाणार आहे. ती चिठ्ठी मी हाताने तपासून स्वतः नेऊन देणार आहे.

दूध संघाच्या संगणक विभागातून,
तुमच्यानंतर आलेली